रीळ गेले, किल्ली आली

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट पाहिला आणि मस्कतच्या घरातून थेट जत्रेच्या मैदानात जाऊन पोचलो. महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबू टॉकीजच्या अखेरच्या दिवसांची ही कहाणी. ट्रकवरचा गंजका प्रोजेक्टर, जमिनीवर बसलेले प्रेक्षक, यंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला कारागीर आणि मग दारात येऊन उभे राहिलेले डिजिटल यंत्र. कान महोत्सवात या माहितीपटाची खास दखल घेतली गेली, ते योग्यच झाले.

तरी माझी एक तक्रार आहे. गंजाचे सौंदर्य टिपताना कॅमेरा इतका हळवा होतो, की रीळ गेल्याने कोणाला काय मिळाले हा प्रश्न मागे पडतो. आम्हा परदेशस्थांना विचारा! ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट. मूठभर मराठी प्रेक्षकांच्या एका खेळासाठी ते डबे समुद्रापार कोण आणणार? म्हणून रुवीच्या चित्रगृहात ओरखडलेल्या प्रिंटवर हिंदी चित्रपट पाहायचे आणि मराठी मात्र घरी, व्हिडिओ कॅसेटवर. आता अख्खा चित्रपट एका हार्डडिस्कमध्ये मावतो. तेव्हा रिळासाठी मी अश्रू ढाळणार नाही.

काळजी वेगळीच आहे. चित्रगृहाला मिळणारी डिजिटल प्रत बहुधा कुलूपबंद येते. तिची किल्ली ठरावीक यंत्राला आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. मुदत संपली की प्रत मुकी. फिल्मही नाशवंतच; २००३ साली पुण्यातल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. पण अडगळीतला विसरलेला डबा उघडून, फिल्म उजेडापुढे धरली तरी चित्र दिसे. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९)ची रिळे पी. के. नायर यांना जपता आली, ती त्यामुळेच. आजच्या मराठी चित्रपटाची हार्डडिस्क पन्नास वर्षांनी कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती उघडणार कशी?

म्हणून मंडळींना एक सुचवावेसे वाटते. यापुढे मस्कतला एखादा मराठी निर्माता चित्रपट घेऊन आला, की टाळ्या जरूर वाजवूया, सेल्फीही काढूया, पण निघताना त्याला एवढे विचारूया : "मूळ प्रत कुठे ठेवलीत?"