वाऱ्याची बाजू : 'जॉन मॅकनॅब' वाचताना

शिकारकथा वाचताना आपण बंदूक पाहतो, सावज पाहतो. वारा पाहत नाही. नेम धरला, चाप ओढला, हरीण पडले, एवढेच माझ्या पिढीच्या वाचकाने गृहीत धरलेले. जॉन बकन यांच्या 'जॉन मॅकनॅब' (१९२५) या कादंबरीने माझ्या या समजाला तडा दिला.

कथानक गमतीचे आहे. जगण्याला विटलेले तीन बडे गृहस्थ, एक वकील, एक बँकर आणि एक मंत्री, स्कॉटलंडमधील तीन जमीनमालकांना आगाऊ पत्र धाडतात : अमुक दिवसांत तुमच्या हद्दीतले सावज आम्ही चोरून नेऊ. दोन ठिकाणी लाल हरणाचा नर, एका ठिकाणी सामन मासा. खाली सही काल्पनिक मॅकनॅबची.

तिथल्या 'डियर फॉरेस्ट'मध्ये झाडे जवळजवळ नसतातच. उघडे डोंगर, हेदरची खुरटी झुडपे, दलदल. हरीण बहुधा वाऱ्याकडे पाठ करून बसते; मागचे नाकाला कळते, पुढचे डोळ्यांना दिसते. शिकारी वाऱ्याच्या वरच्या अंगाने आला तर वास पोहोचतो, खालच्या अंगाने आला तर तो नजरेत येतो. त्यात डोंगराच्या खोबणीत शिरलेला वारा गरकन उलटा फिरतो. सगळी वाट वारा ठरवतो.

गोळीलाही वारा सोडत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा साधारण रायफलीची गोळी शंभर यार्डांवर इंचभरही हलवत नाही. तीनशे यार्डांवर तीच सहा-सात इंच सरकते. अंतर तिप्पट, सरक जवळजवळ नऊपट! शिवाय नळीजवळचा वारा सावजाजवळच्या वाऱ्यापेक्षा अधिक नडतो, कारण तिथे वळलेली गोळी पुढची सारी वाट वळलेलीच जाते. समोरच्या गवताकडे पाहून अंदाज बांधणारा इथेच फसतो.

बकन यांचे मोठेपण हे की, त्यांनी रांगण्याला पाने दिली, बाराला ओळी. रांगत जवळ जाणाऱ्याचा वारा चुकला तर हरीण पळते आणि गडी भिजून घरी येतो. दुरून बार टाकणाऱ्याचा वारा चुकला तर काळजाची गोळी पोटात शिरते, आणि हरीण कुठेतरी दलदलीत रात्रभर तडफडते. चुकीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मला या कादंबरीने घातला. लांब पल्ल्याच्या बाराचे कौतुक करणाऱ्या आपल्या कथांना तो पडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वाऱ्याची खरी जाण आहे ती वॅटी लिथगो या चाकरमान्या शिकाऱ्याला. चापावर बोट मात्र मंत्रिमहोदयांचे. बकन वॅटीवर माया करतात, पण साहस साहेबांच्याच नावावर जमा होते. आमच्याकडचा धनगर वाऱ्याला वारा म्हणो की कन्नडात गाळी, मेंढरे कुठल्या अंगाला बसवायची हे तो नेमके सांगतो. भूगोलाच्या पेपरात त्याला गुण नाहीत. (पेपर काढणाऱ्यांत मीही असतो.)

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा ठरली, ते योग्यच झाले. पुस्तक वाचायला कायद्याची आडकाठी नाही. मूळ इंग्रजीतच वाचावे. वॅटीची स्कॉट बोली प्रथम अडवते. दुसऱ्या वेळी मी त्याचे संवाद मोठ्याने वाचले, तेव्हा कुठे वाट सापडली.