मातीच्या गाई आणि पाटी

जोमो केन्याटा यांचा 'फेसिंग माउंट केनया' हा ग्रंथ १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लेखक त्या वेळी तेथील विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होता, आणि त्याचे गुरू मॅलिनोव्हस्की यांची प्रस्तावना ग्रंथास लाभली आहे. हा ग्रंथ हाती घेणारे बहुधा त्यातील जमिनीच्या हक्काचे प्रकरण वाचतात, कारण गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेल्या भूमीचा प्रश्न त्यात मांडला आहे. किंवा पुढे स्वतंत्र केनयाचा पहिला अध्यक्ष झालेल्या पुरुषाचे हे लेखन म्हणून कुतूहलाने चाळतात. पाचव्या प्रकरणापाशी थांबणारे थोडे. त्या प्रकरणाचा विषय आहे गिकुयू समाजातील मुलांचे शिक्षण. आफ्रिकेच्या खेड्यांतून बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या तोंडी आज एक शब्दप्रयोग सतत असतो: समाजाने चालविलेले, खेळातून होणारे शिक्षण. जणू त्या खेड्यांना हा एक नवा शोध बाहेरून नेऊन द्यावयाचा आहे! पाचवे प्रकरण वाचले म्हणजे त्या अंगणांत काय पूर्वीच नांदत होते ते कळते. मात्र ते प्रकरण जसेच्या तसे स्वीकारताही येत नाही, आणि म्हणूनच त्याविषयी लिहावेसे वाटले.

केन्याटा सांगतात की गिकुयूंचे शिक्षण जन्मापासून सुरू होते आणि मरणाबरोबर संपते. आई तान्ह्या मुलास जी अंगाईगीते म्हणते त्यांत कुळाचा व घराण्याचा इतिहास गुंफलेला असतो. मूल बोलू लागले की त्यास हळूच प्रश्न विचारले जातात, आणि गाण्यातून ऐकलेली नावे ते आपोआप सांगू लागते. मुलगे लाकडी भाले व धनुष्ये करून लढाईचा खेळ खेळतात, मुली मातीची भांडी घडवून लटका स्वयंपाक मांडतात. बापाबरोबर शेतात जाणाऱ्या पोराच्या हाती त्याच्या मापाची खणण्याची काठी दिली जाते. काम त्याच्याकडून विशेष होत नाही, पण ते काम करीत आहे असे सर्वच मानतात. गुराखी पोराची पारख तर मोठी मौजेची. दोन-तीन कळप मुद्दाम एकत्र करावयाचे आणि आपली गुरे निवडून काढ म्हणावयाचे. रंग, शिंगे, अंगावरच्या खुणा यांवरून त्याने ती ओळखावी. संध्याकाळी कोडी घातली जातात. या साऱ्यांतून मूल वस्तूंचे ज्ञान मिळवितेच, पण लेखकाच्या मते खरा धडा वेगळा असतो: आपण कोणाचे कोण, आणि कोणाशी कसे वागावे. युरोपीय शिक्षण व्यक्तीस स्वतंत्र उभी करू पाहते, गिकुयू शिक्षण तिला नात्यांत बसविते, हा भेद त्यांनी फार नेमका पकडला आहे.

वर्णन सुरेख आहे, आणि तेथेच संशय येतो. या प्रकरणात एकही मूल रडत नाही, हट्ट करीत नाही, कळप निवडताना चुकत नाही. एकाही मुलाला नाव नाही. असे का व्हावे? कारण हे लेखन निरीक्षकाचे नसून वकिलाचे आहे. गिकुयूंना आम्ही येऊन शिक्षण दिले असे म्हणणाऱ्या सत्तेपुढे उभे राहून, आमच्याकडे शिक्षण होतेच, असे केन्याटांना सिद्ध करावयाचे होते. अशा वेळी माणूस आपल्या घरातील फुटके मडके पाहुण्यास दाखवीत नाही. त्यांस दोष देववत नाही. परंतु सहाव्या प्रकरणात हाच वकील मुलींच्या अंगच्छेदाच्या विधीचेही समर्थन करतो, आणि तेथे ही वकिली कोठवर जाऊ शकते ते दिसते. केनयात २०११ च्या कायद्याने ही प्रथा आज पूर्णपणे निषिद्ध आहे. 'परंपरेतून आलेले शिक्षण' या शब्दांनी भारावून जाणाऱ्यांनी पाचवे प्रकरण वाचल्यावर पान उलटून सहावेही वाचावे.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९३८ मध्ये, मेयर फोर्टिस यांचा टालेन्सी लोकांच्या शिक्षणावरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. टालेन्सी हे आजच्या घानाच्या उत्तर भागातील शेतकरी लोक. फोर्टिस बाहेरचे, त्यांस कोणताही दावा जिंकावयाचा नव्हता, आणि म्हणून त्यांच्या निबंधातली मुले अधिक जिवंत उतरली आहेत. ती मातीच्या गाई करतात, घरे बांधतात, लहानसे देवस्थानही मांडतात. आपल्या देवळाच्या प्राकारात पोरे चार काठ्यांची पालखी करून मिरवितात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे वाचताना परके वाटणार नाही. फोर्टिस यांचे म्हणणे असे की हा खेळ मोठ्यांची नुसती नक्कल नव्हे. मूल पाहिलेल्या गोष्टींतून काही उचलते, काही टाकते, आणि हाताशी असेल त्या दगडमातीतून आपले एक जग नव्याने रचते. हुशार मुलाविषयी टालेन्सी म्हणतात की त्यास चांगले डोळे आहेत. शिकणे म्हणजे पाहणे आणि करून पाहणे, इतका साधा अर्थ त्या शब्दांत भरला आहे. निबंधाचे मर्म मात्र दुसऱ्या एका विधानात आहे. टालेन्सींच्या जीवनात मोठ्यांचे जग आणि मुलांचे जग अशी दोन जगे नाहीत. एकच अखंड जग आहे, आणि मूल आपल्या शक्तीप्रमाणे त्याच जगात वावरते.

हे विधान मान्य केले तर 'खेळातून शिक्षण' या आजच्या शब्दप्रयोगाची अडचण उघड होते. त्या खेड्यांत खेळ ही शिकविण्याची पद्धत नव्हतीच. गाय समोर होती म्हणून मातीची गाय झाली. बाप जमीन खणीत होता म्हणून पोराच्या हाती काठी आली. खेळाचे मोल त्याच्या मागे उभ्या असलेल्या खऱ्या कामात होते. ते काम जर मुलाच्या नजरेआड गेले, तर मागे उरलेल्या खेळाने कशाचे रूप घ्यावे? आणि केनयात ते नजरेआड गेले ते आपोआप नव्हे. जमिनी गेल्या, गळ्यात ओळखपत्राची डबी अडकवून बाप गोऱ्याच्या मळ्यावर मजुरीस गेला. केन्याटांचे पाचवे प्रकरण ज्या अंगणाचे चित्र काढते, ते अंगण पुस्तक छापले जात असतानाच मोडत होते. ही गोष्ट पाचव्या प्रकरणात यावयास हवी होती. दुसऱ्या प्रकरणात ज्यांनी जमिनीचे दुःख इतके प्रखरपणे मांडले, त्यांनी त्या दुःखाचा मुलांच्या खेळाशी असलेला संबंध जोडू नये, हा माझ्या मते ग्रंथाचा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरीही एक गोष्ट प्रकरणाच्या कडेला राहून जाते. गिकुयू लोकांना अक्षरांची ओढ कमी नव्हती. १९२९ च्या सुमारास मिशनऱ्यांशी त्यांचे बिनसले, तेव्हा त्यांनी शाळा सोडून दिली नाही, स्वतःच्या शाळा बांधल्या. अशा स्वतंत्र शाळा तिसाव्या दशकात गावोगाव उभ्या राहिल्या. शिक्षक तयार करण्यासाठी गिथुंगुरी येथे महाविद्यालय निघाले, आणि परत आलेले केन्याटा स्वतः त्याचे प्रमुख झाले. १९५२ साली आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना अटक झाली आणि या शाळांना कुलपे लागली. त्यानंतर गिकुयू कुटुंबांना घरांतून उठवून तारांच्या कुंपणातील वस्त्यांत कोंडले. बायांना सक्तीच्या कामावर नेत, आणि मागे राहिलेल्या लहान मुलांस सांभाळावयास त्या वस्त्यांत बालगृहे निघाली. केनयातील ग्रामीण बालवर्गांच्या इतिहासात ही एक सुरुवात सांगितली जाते. आजी व अंगण यांच्या जागी कुंपण व दाई! ज्यांच्या शाळा बंद केल्या गेल्या, त्यांना पाटीपेक्षा खेळ बरा असे सांगावयास जाणाऱ्याने हा इतिहास ध्यानी ठेवावा.

१९६३ मध्ये स्वातंत्र्य आले आणि केन्याटांनी राष्ट्रास 'हरांबे' हा घोष दिला. सर्वांनी मिळून ओढा, असा त्याचा भाव. (हा शब्द रेल्वेवरच्या आपल्या मजुरांच्या 'हर अंबे'मधून आला, अशी एक कथा तिकडे व इकडेही सांगतात. आपल्या कानास ती गोड लागते, पण समुद्रकिनाऱ्यावर ओझी ओढणाऱ्या स्वाहिली हमालांची आरोळी हेच त्याचे मूळ अधिक संभवते.) या घोषाखाली गावकऱ्यांनी हजारो बालवर्ग उभे केले. माती, पत्रे, मजुरी गावाची. शिक्षिकेचा पगार आईबापांच्या वर्गणीतून, आणि पीक बुडाले की पगारही बुडाला. 'समाजाने चालविलेले' हे विशेषण वाचताना मनात येते की त्यात कौतुक किती आणि सरकारची सुटका किती! पुष्कळ वर्षे त्याचा अर्थ इतकाच होता की खर्च समाजाने करावा. २००३ साली प्राथमिक शाळा मोफत झाल्या आणि बालवर्गाची वर्गणी मात्र तशीच राहिली, तेव्हा काही ठिकाणी आयांनी मूल बालवर्गातून काढून सरळ पहिलीत नेऊन बसविले. २०१० च्या संविधानाने हे काम जिल्हा सरकारांकडे दिले, तोवर हा भार बव्हंशी गावांनीच वाहिला.

या बालवर्गांत खेळ होता काय? १९७० नंतरच्या दशकात नैरोबीच्या शिक्षणसंस्थेने आणि १९८४ पासून तेथील राष्ट्रीय बालशिक्षण केंद्राने तो आणण्याची खटपट मनापासून केली. शिक्षिकांनी गावोगावची गाणी, गोष्टी, खेळ मातृभाषांतून गोळा केले; आईबापांना बोलावून कणसाची पाने, बिया, चिंध्या यांची खेळणी करविली. हे काम मोलाचे आहे. तरी वर्गात पुन्हापुन्हा पाटी जिंकत गेली. पहिलीत घेण्यापूर्वी कित्येक शाळा मुलाची परीक्षा घेत, आणि त्या परीक्षेत कोणी मातीची गाय करावयास सांगत नसे. खेळ तर घरी होतोच, त्यासाठी पैसे का द्यावे, असे आई म्हणे. तिला अडाणी ठरविणारे लेख मी वाचले आहेत. मला ती बरोबर वाटते. ज्या दारावर अक्षरेच मागतात त्या दाराशी ती मूल घेऊन उभी आहे.

चूक आहे ती त्या दाराची, आणि याचा एक नेटका पुरावा झांबियातून मिळतो. रॉबर्ट सर्पेल यांनी लुसाका व इंग्लंडमधील मँचेस्टर येथील मुलांना एकाच आकृती निरनिराळ्या साधनांनी करावयास दिल्या. ते संशोधन १९७९ साली प्रसिद्ध झाले. कागद-पेन्सिलीवर इंग्रज मुले सरस ठरली. तारा वाकवून आकृती करण्यात झांबियाची मुले, कारण तारेच्या गाड्या करणे हा त्यांचा नित्याचा खेळ. मातीकामात दोन्हीकडची सारखीच. पुढे याच विचारातून 'पांगा मुंथु', म्हणजे 'माणूस कर', ही चाचणी निघाली. तीत मुलाच्या हाती पेन्सिल न देता मातीचा गोळा देतात आणि त्यातून माणूस घडवावयास सांगतात. आमच्या मुलांस काही येत नाही असे म्हणणाऱ्या मास्तरास यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

पुन्हा केनयात यावयाचे तर उत्तरेकडच्या साम्बुरू या पशुपालक लोकांची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्यात पूर्वी काटेरी कुंपणाच्या एका आवारात आज्या वस्तीतील मुले सांभाळीत, गोष्टी व गाणी सांगत. काळाच्या ओघात ते मागे पडू लागले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस डच व्हान लीर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेच आवार नव्या रूपाने पुन्हा उभे केले, आणि त्यास 'लोइपी', म्हणजे सावली, हे त्यांच्याच भाषेतील नाव मिळाले. झाडाखाली आज्या, भोवती मुले, खेळणी तेथल्याच वस्तूंची. पेज मिळते, वजन होते, लस टोचण्यासाठी परिचारिका येते. येथे बाहेरच्यांनी खेळ आणला नाही. जे होते त्यास पाठबळ दिले. ज्या प्रयोगांविषयी मी वाचले त्यांत हाच मला सर्वांत खरा वाटतो. आपल्याकडे १९४५ मध्ये बोर्डीस आरंभ करून पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या अंगणात अंगणवाडी नेली, गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. त्याची येथे आठवण होणारच.

तरीही लोइपीत आजी आहे, मोठी बहीण कोठे आहे? कॅमेरूनचे बामे न्सामेनांग यांनी आपल्या १९९२ च्या ग्रंथात न्सो लोकांविषयी लिहिताना दाखविले आहे की लहानग्यांचे खरे शिक्षक त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी भावंडे व सवंगडी असतात. ती बहीण आता सकाळी शाळेत जाते, आणि जावयासच हवी. तिची जागा कोणत्याही बालवर्गाच्या योजनेत मला नीटशी दिसली नाही; तिला घरी बसवावे असे तर कोणी म्हणू नये. केन्याटांच्या प्रकरणातही सारा प्रकाश आईबापांवर आहे, पाठीवर भाऊ घेतलेली मुलगी सावलीतच राहते.

या पाचव्या प्रकरणाचे मराठीत वा कोंकणीत भाषांतर व्हावे असे मला फार वाटते. ते कोणी हाती घेतल्यास सोबत फोर्टिस यांच्या निबंधातील खेळाचा भाग अवश्य जोडावा, म्हणजे चुकणारी मुलेही वाचकास भेटतील. आणि सहावे प्रकरण गाळू नये.