ध्रुवप्रदेशातील देव, दस्यू आणि उषा : टिळकांच्या वेदार्थपद्धतीचा एक विचार

लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. त्यावर आजवर जी चर्चा झाली ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते की नव्हते? इतिहास म्हणून या प्रश्नाचा निकाल आता जवळजवळ लागलेला आहे. टिळकांनी तत्कालीन भूगर्भशास्त्रज्ञांच्या आधारे असे मानले की, हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाचे हवामान सौम्य होते, आणि इ. स. पूर्वी १०००० ते ८००० च्या सुमारास बर्फाने ते वसतिस्थान नष्ट केले. आजचे भूशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. आजपासून सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग सुरू झाले नाही, ते संपले. त्याआधीची हजारो वर्षे उत्तरेकडे कडाक्याची थंडी होती. त्या थंडीतही माणूस तिकडे पोहोचला होता, हे सायबेरियातील याना नदीकाठच्या सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या अवशेषांवरून दिसते. परंतु ते मॅमथ, गेंडे आणि रेनडियर यांमागे फिरणारे शिकारी होते. गाई राखणारे, यज्ञसत्रे करणारे लोक ते नव्हेत.

असे असता हा ग्रंथ पुन्हा उघडण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, तो मूलस्थानाचा ग्रंथ असण्यापूर्वी वेदवाचनाचा ग्रंथ आहे. १८९७-९८ च्या कारावासात माक्स म्युलर यांनी पाठविलेली ऋग्वेदाची प्रत टिळकांच्या हाती होती. 'ओरायन' (१८९३) मध्ये नक्षत्रांवरून वेदकाल काढण्याची जी पद्धत त्यांनी बसविली होती, तीच येथे प्रकाश आणि अंधार यांच्या मोजमापाला लावली आहे. बॉस्टन विद्यापीठाचे वॉरन यांनी १८८५ साली मानवजातीचा पाळणाच ध्रुवावर नेऊन ठेवला होता. त्यांचे ऋण टिळक मान्य करतात. पण वॉरन यांच्या पुस्तकात जो भाविक विस्कळीतपणा आहे, त्याचा येथे मागमूस नाही. येथे एक गणिती, एक वकील आणि एक पंडित असे तिघे एकत्र बसून उलटतपासणी करीत आहेत. तपासले जाणारे साक्षीदार मात्र कवी आहेत, आणि सर्व अडचण येथूनच सुरू होते.

ग्रंथातील सर्वांत सरस प्रकरण उषेचे होय. टिळकांचा आक्षेप साधा आहे. ऋग्वेदातील उषा एकवचनी आहे तशी बहुवचनीही आहे. उषेचे प्रथम दर्शन आणि सूर्योदय यांच्यामध्ये पुष्कळ दिवस गेले, असे सातव्या मंडलातील एक ऋचा म्हणते. तैत्तिरीय संहिता तर तीस भगिनी-उषा मोजते आणि त्या चाकाप्रमाणे फिरतात असे सुचविते. सायणाचार्य पहिल्या ठिकाणी 'दिवस' या शब्दाचा अर्थ 'तेज' असा करून सुटका करून घेतात, आणि दुसऱ्या ठिकाणी महिन्याच्या तीस दिवसांच्या तीस उषा असे सांगतात. टिळक विचारतात, मग तीसच का? वर्षाच्या तीनशे साठ का नाहीत? हा प्रश्न बिनतोड आहे, आणि सायणाचे उत्तर त्यापुढे टिकत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या प्रकरणाचे बळ ज्याला पारखावयाचे असेल त्याने आपल्याकडची पहाट आठवावी. ठाणे जिल्ह्यात भिवंडीलगतचे शेलार हे गाव एकोणीस अंशांच्या किंचित वर येते. तेथे वर्षातील मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. पूर्वेस पहिली फट उमटल्यापासून सूर्यबिंब वर येईपर्यंत सव्वा तास जातो, फार तर थोडा अधिक. कोंबडा आरवला, चूल पेटली, गोठ्यातील धार काढून होते न होते तोच ऊन अंगणात येते. अशा प्रदेशातील माणसाला उषा ही क्षणाची पाहुणी वाटावी, हे साहजिक आहे. ध्रुवावर सुमारे सात आठवडे उजाडत राहते, आणि ती प्रभा एका जागी न थांबता क्षितिजाच्या कडेकडेने दर चोवीस तासांस एक फेरा घेते. फिरणाऱ्या भगिनींचे चित्र या दृश्याशी असे जुळते की, वाचणारा क्षणभर थक्क होतो. टिळकांच्या कल्पनाशक्तीची झेप येथे खरी आहे. शेलारच्या किंवा सिंहगडाच्या पहाटेतून ती सुचणे शक्य नव्हते.

पण एवढ्यावरून उषासूक्तांतील प्रत्येक बहुवचन ध्रुवाकडे नेता येत नाही. पहिल्या मंडलातील प्रसिद्ध उषासूक्तात गेलेल्या उषा आणि येणाऱ्या उषा यांची जी रांग दिसते, ती माणसांच्या पिढ्यांची रांग आहे. ज्या मर्त्यांनी पूर्वीच्या उषा पाहिल्या ते गेले. आताची उषा आपण पाहत आहो. पुढची पाहणारे येत आहेत. उषा नित्य तरुण राहते आणि माणसाचे आयुष्य झिजविते, ही त्या सूक्तातील वेदना आहे. रोज उजाडणारी उषा नसेल तर या वेदनेला अर्थच राहत नाही. टिळकांची मोजपट्टी या ठिकाणी लागू पडत नाही. वचन मोजले जाते, आर्तता निसटते.

दीर्घरात्रीच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. रात्रीचा पार दिसत नाही, ती सुखाने तरून जाता यावी, अशी प्रार्थना वेदांत आढळते. बारा तासांच्या रात्रीला इतके भ्यावयाचे कारण काय, असा टिळकांचा प्रश्न आहे. उत्तर दहाव्या मंडलातील रात्रिसूक्तातच आहे. तेथे पक्षी घरट्याकडे परततात तशी गावे विसावतात, पायांनी चालणारे आणि पंखांनी उडणारे घरी येतात, आणि रात्रीकडे मागणे केले जाते ते लांडगा आणि चोर यांना दूर ठेवण्याचे. ही रोजची रात्र आहे. कुडाच्या घरात, जंगलाच्या कडेला, जनावरे दावणीला बांधून ज्याला झोपावे लागते, त्याला भिण्यासाठी सहा महिन्यांची रात्र लागत नाही, एक पुरते. विजेच्या दिव्याखाली वेद वाचणाऱ्यांस ही भीती अतिशयोक्त वाटते, इतकेच.

यानंतर वृत्राचे प्रकरण. वृत्र कोण, हा वाद टिळक आणि माक्स म्युलर यांच्या फार पूर्वीचा आहे. यास्काने निरुक्तात दोन मते नोंदविली आहेत : नैरुक्तांच्या मते वृत्र म्हणजे मेघ, ऐतिहासिकांच्या मते तो त्वष्ट्याचा पुत्र असुर. म्हणजे निसर्गशक्ती की शत्रू, हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच स्पष्ट मांडला गेला होता. कोकणातल्या माणसाला पहिले मत पटावयास वेळ लागत नाही. मृगाच्या तोंडावर आभाळ दाटून येते आणि पाऊस पडत नाही, तेव्हा कोणी तरी पाणी अडवून ठेवले आहे, असेच वाटते. टिळक मात्र पर्जन्यवादावर समर्थ हल्ला चढवितात. इंद्राने अर्बुदाला हिमाने विंधिले, असे एक ऋचा सांगते. पावसाळ्याशी हिमाचा संबंध काय? शंबर चाळिसाव्या शरदात सापडला. 'शरद्' म्हणजे वर्ष असे धरून चाळीस वर्षे म्हणण्याऐवजी शरद ऋतूचा चाळिसावा दिवस असा अर्थ टिळक घेतात. वसंतापासून मोजता सात महिने दहा दिवस होतात, आणि अदितीच्या सात तेजस्वी पुत्रांशी व टाकून दिलेल्या आठव्या मार्तंडाशी हा हिशोब मिळतो. गाईंनी शिंगांसाठी केलेले दहा महिन्यांचे सत्र, नवग्व आणि दशग्व हे नऊ व दहा महिने यज्ञ करणारे अंगिरस, दहाव्या युगात वृद्ध झालेला दीर्घतमा, रोमनांचे प्राचीन दहा महिन्यांचे वर्ष, ही सारी साक्ष एकामागून एक उभी राहते.

साक्ष प्रभावी आहे; पण तिला थांबावयाचे कोठे, हे ठाऊक नाही. दहा या संख्येची एकदा गोडी लागल्यावर रावणाची दहा तोंडे आणि कुंभकर्णाची सहा महिन्यांची झोपही ध्रुवाकडे निघतात. त्याहून गंभीर गोष्ट ही की, दाशराज्ञ युद्धातील दहा राजेही याच कोष्टकात बसविले जातात.

येथे वाचकाने पाय रोवून उभे राहिले पाहिजे. सातव्या मंडलातील ती सूक्ते वाचल्यावर महिन्यांचा भास कोणालाही होणे कठीण आहे. भरतांचा राजा सुदास परुष्णीच्या, म्हणजे आजच्या रावीच्या, काठी लढतो. समोर पूरू, यदु, तुर्वश, अनु, द्रुह्यू आहेत; पक्थ, भलानस, अलिन, विषाणी, शिव आहेत. शत्रू नदीचा प्रवाह वळवावयास जातात आणि त्याच पाण्यात वाहून जातात. पुढे यमुनेचाही उल्लेख येतो. वसिष्ठ आपल्या यजमानासाठी देवांना आळवितो आणि आपल्या पौरोहित्याची बढाई मारावयासही विसरत नाही. दास आणि आर्य असे दोन्ही प्रकारचे शत्रू मारल्याचे तो सांगतो. म्हणजे हे भांडण एका वंशाचे दुसऱ्याशी नव्हते, तर एकाच भाषेच्या, बऱ्याच अंशी एकाच देवांना भजणाऱ्या टोळ्या कुरणे आणि पाणी यांसाठी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. यांना महिने म्हणणे म्हणजे पानिपतच्या सरदारांना राशी म्हणण्यासारखे आहे.

टिळकांच्या पद्धतीचे मर्म आणि तिचा दोष एकाच जागी आहे. निसर्गातील घटना आधी, तिचे रूपक नंतर, असा क्रम ते सर्वत्र गृहीत धरतात. सूर्य बुडाला, म्हणून कोणी तरी तो पळविला. पाणी थिजले, म्हणून कोणी तरी ते अडविले. परंतु रूपकाला जी शब्दसामग्री लागते ती कवी आणतो कोठून? पणींनी गाई पळविल्या, सरमा रसा नदी ओलांडून त्यांचा माग काढीत गेली, पणी तिला बहीण म्हणून ठेवून घ्यावयास निघाले. हा संवाद ज्याने रचला त्याने गुरांच्या चोऱ्या आणि त्यानंतरच्या वाटाघाटी पाहिल्या होत्या. 'गविष्टि' या शब्दाचा मूळ अर्थ गाईंची इच्छा, आणि व्यवहारातील अर्थ लढाई. ज्या समाजात लढाईला असे नाव पडते, तेथे उषेचे किरण गोठ्यातून सुटलेल्या गाईंसारखे दिसले, तर रूपक जमिनीवरून आकाशाकडे गेले आहे, आकाशातून खाली आलेले नाही. टिळक हा बाण एकाच दिशेने सुटलेला पाहतात. त्यामुळे त्यांच्या ध्रुवप्रदेशात प्रकाश आहे, अंधार आहे, पाणी आहे, बारकाईने मोजलेले दिवस आहेत. माणसे मात्र फारशी नाहीत. शंबराचे नव्याण्णव दुर्ग, दिवोदासाची त्याच्याशी चाललेली झुंज, डोंगरावर राहणारा तो हट्टी शत्रू, हे सर्व ऋतूंच्या हिशोबात विरून जाते. पराभूतांचे नाव पुसणे जेत्यांच्या कवींनाही जमले नव्हते. ते येथे सहज घडते.

ना. भ. पावगी यांनी १९१५ साली सप्तसिंधूचा पक्ष घेऊन टिळकांना उत्तर दिले. ध्रुवाकडील वस्ती ही आर्यावर्तातून गेलेल्यांची वसाहत, असे त्यांचे म्हणणे. दिशा फिरविली, पद्धत तीच ठेवली. म्हणून त्या ग्रंथाचा येथे अधिक विचार करण्याचे कारण नाही.

अवेस्त्याचे प्रकरण मात्र वेगळ्या तोलाचे आहे. वेंदिदादच्या पहिल्या फर्गर्दात आर्यांच्या आद्य भूमीत दहा महिने हिवाळा व दोन महिने उन्हाळा सांगितला आहे. दुसऱ्यात यिमाला येणाऱ्या भीषण हिवाळ्याची सूचना मिळते, तो बीजे आणि पशू यांसाठी 'वर' बांधतो, आणि त्यात राहणाऱ्यांना तारे, चंद्र, सूर्य वर्षातून एकदाच उगवताना दिसतात. वर्ष त्यांना दिवसासारखे वाटते. संपूर्ण ग्रंथात याहून उघड ध्रुवीय वाक्य नाही, आणि ते ऋग्वेदातले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. ज्यांनी देवांना 'दएव' करून खाली ओढले आणि अहुराला वर बसविले, त्या शेजारी शाखेच्या ग्रंथात ते जपले गेले.

मग ही माहिती आली कोठून? मेरूवर देवांचा दिवस सहा महिन्यांचा, हे सूर्यसिद्धांताचा कर्ता गणिताने काढतो. गोलाचे ज्ञान झाल्यावर त्यासाठी ध्रुवावर राहावे लागत नाही. मनुस्मृती आणि तैत्तिरीय ब्राह्मण यांतील देवांच्या अहोरात्राला मात्र ही वाट पुरत नाही, कारण ते गोलगणिताच्या आधीचे आहे. उत्तरायण-दक्षिणायनाच्या दोन अर्धांवरून ती कल्पना निघाली असणे अशक्य नाही. तिसरीही एक वाट संभवते, आणि टिळकांनी तिचा पुरेसा विचार केला नाही. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हेरोडोटसने शकांच्या पलीकडील देशांची वार्ता टिपून ठेवली. शक इराणी भाषा बोलणारे, म्हणजे अवेस्त्याच्या लोकांचे भाऊबंद. त्यांच्यापुढे टकल्या लोकांचा देश, त्यापुढे कोणी न ओलांडलेले उंच पर्वत, त्या पर्वतांत बकरपायाची माणसे, आणि त्यांच्याही पलीकडे वर्षातून सहा महिने झोपणारे लोक. एका टोळीने दुसरीला सांगितलेली ही गोष्ट काळ्या समुद्रापर्यंत आली होती. हेरोडोटसचा तिच्यावर मुळीच विश्वास बसला नाही, आणि तसे नमूद करूनच त्याने ती लिहून ठेवली.