छायाचित्र की रेखाचित्र?

वरठीला आमच्या वस्तीतील विद्यार्थी आपल्या वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करीत आहेत. पहिल्या पानावर खैरलांजीतील मृतदेहांचे छायाचित्र घालावे, असा त्यांचा आग्रह आहे. खैरलांजी आमच्याच मोहाडी तालुक्यातली. 29 सप्टेंबर 2006 रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी सुरुवातीला तिची पुरेशी दखल घेतली नाही. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली आणि निषेधाला धार आली. मुले म्हणतात, "सर, चित्र काढले तर लोक कल्पना म्हणतील. फोटोला कोण नाही म्हणणार?"

त्यांच्या म्हणण्यात बळ आहे. आपल्या अनुभवाला अतिरंजित ठरविण्याची प्रस्थापितांना जुनीच सवय आहे. दलित आत्मकथनांनीही हा आरोप सोसला. न्यायालयात, सत्यशोधन अहवालात छायाचित्र हवेच. पण संकेतस्थळाचे पहिले पान म्हणजे पंचनामा नव्हे. मेलेल्या बाईची संमती कोणी घेतली? शेती सांभाळून मुलांना शिकविणारी ती बाई त्या छायाचित्रात कुठे आहे? अत्याचाऱ्यांनी तिची जी अवस्था केली, तीच तिची कायमची ओळख आपण का करावी?

म्हणून चित्र निर्दोष ठरते, असे नाही. शंकर यांच्या 1949 च्या व्यंगचित्रात बाबासाहेब गोगलगायीवर बसले आहेत आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू आहेत. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील या चित्रावरून 2012 साली संसदेत वादळ उठले. उन्नमती श्यामसुंदर यांनी 2019 च्या 'नो लाफिंग मॅटर' या ग्रंथात 1932 ते 1956 या काळातील बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे एकत्र केली आहेत. ती पाहिली की कुंचल्यालाही जात असते, हे पटते.

याउलट 'भीमायन' पाहा. 2011 सालच्या या पुस्तकातील चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. तेथे सौम्य बोलण्याला पक्ष्याचा आकार आहे, तर जातीच्या विखाराला विंचवाची नांगी. शाळेत तहानलेल्या लहान भीमाजवळ कॅमेरा नव्हता. असता तरी तो कोणाच्या हातात असता? जे कोणी टिपलेच नाही, ते चित्राने सांगितले.

तेव्हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. कोण दाखवतो, कोणासाठी दाखवतो आणि ज्याला दाखवले जाते त्याचा मान राहतो का, हा प्रश्न आहे. माझे मत असे: पुराव्याची छायाचित्रे आतल्या पानावर, पूर्वसूचना देऊन, देह झाकून ठेवावीत. पहिल्या पानावर आपल्याच मुलामुलींनी काढलेले चित्र असावे, आणि त्यात माणसे जगताना दिसावीत.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बिड्या वळून ज्या आजीने मला शिकवले, तिचा एकही फोटो घरात नाही. परवा तिचे हात कसे चालायचे ते मी सांगत गेलो आणि एका विद्यार्थिनीने ते कागदावर उतरवले. मुलांनी माझे म्हणणे अजून मान्य केलेले नाही. तो कागद मात्र त्यांनी वाचनालयात लावला आहे.