'गाभ्रीचा पाऊस' : घरातला पहारा

'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी बोलीतील शिवी. चांगल्या घरात ती तोंडी आणू नये, असे मुलांना बजावले जाते आणि पेरणी उलटली की त्याच घरातला कर्ता माणूस आभाळाकडे पाहून ती हासडतो. सतीश मनवर यांनी आपल्या पहिल्याच चित्रपटाला 'गाभ्रीचा पाऊस' हे नाव दिले. धर्मग्रामाच्या सभागृहात तो दाखवावा असे आम्ही सुचविले, तेव्हा एक-दोन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पावसाला शिवी म्हणजे पाऊस देणाऱ्यालाच शिवी, हा त्यांचा आक्षेप. तो हलका नाही. परंतु ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला दिलेला शाप पवित्र शास्त्राने जसाच्या तसा जपून ठेवला आहे, आणि यिर्मयाच्या चौदाव्या अध्यायात भेगाळलेली भूमी व लज्जेने डोके झाकून घेणारे शेतकरी आहेत. ज्याला आभाळाशी भांडावेसे वाटते, त्याने आभाळाकडे पाहणे अजून सोडलेले नाही, एवढेच आम्ही त्यांना म्हणालो. चित्रपट दाखविला गेला.

तो २००९ सालचा. निर्माते प्रशांत पेठे. त्याच वर्षी हॉलंडमधील रॉटरडॅमच्या महोत्सवात तो गेला. आपल्याकडील चित्रपटगृहांत मात्र असे चित्रपट किती दिवस टिकतात, हे वाचक जाणतातच. विषय आपल्या अंगणातला आहे. १९८६ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपविले. पुढे कापसाच्या या मुलखात अशा बातम्यांचे नावीन्यच उरले नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. मृताच्या घरी एक लाख रुपये द्यावयाचे की नाही, हे ठरविताना सरकारी कागदावर दोन शब्द आले : पात्र आणि अपात्र. मेलेल्या माणसाला लावलेला 'अपात्र' हा शब्द आमच्या कानांना अजूनही सहन होत नाही.

मनवर यांनी हे सारे आकडे बाहेर ठेवले आहेत आणि कॅमेरा एका घरात नेला आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किस्नाची बायको अलका हिच्या मनात एकच भीती घर करते : आता आपल्या नवऱ्याची पाळी. मग ती सासूला आणि लहानग्या दिनूला किस्नाच्या मागे लावते. तो जाईल तिथे दोघांपैकी कोणीतरी मागे. किस्नाच्या डोक्यात मरणाचा विचारही नाही. त्याच्या डोक्यात बियाणे, उधारी आणि ढग आहेत. या गैरसमजातून जे हसू उत्पन्न होते ते खरे हसू आहे. आमच्या सभागृहात लोक मोकळेपणाने हसले आणि हसता हसता एकेक जण गप्प होत गेला.

नवऱ्याचे मन रमावे म्हणून अलका घरात पुरणपोळी करते. हा प्रसंग पाहताना आम्हांला सारफथची विधवा आठवली. मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरलेले. दोन काटक्या गोळा करून शेवटचे खायचे आणि मुलासह मरायचे, असे तिने एलियाला सांगितले होते. अलकाचे उलटे आहे. मरण दाराशी येऊ नये म्हणून ती सण नसताना सणाचे रांधते. सोनाली कुलकर्णी यांनी 'दोघी'पासून ग्रामीण स्त्री अनेकदा उभी केली आहे, पण इथे त्यांची नजर सतत नवऱ्याच्या पाठीवर खिळलेली असते आणि त्या नजरेतच निम्मा चित्रपट आहे. गिरीश कुलकर्णींचा किस्ना चिडका, आशाळभूत आणि मायाळू आहे. ज्योती सुभाष यांची म्हातारी तर आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवरून उठून आल्यासारखी वाटते.

दिनूविषयी मात्र आम्हांला थोडे वेगळे म्हणायचे आहे. व्हित्तोरिओ दे सीका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) या चित्रपटातही एक मुलगा दिवसभर बापाबरोबर रोम शहर पालथे घालतो. व्हॅटिकनने १९९५ मध्ये केलेल्या महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश आहे. तो मुलगा बापाबरोबर सायकल शोधतो. दिनूला बाप मरतो की काय, हे पाहावयाचे आहे. हे ओझे लेकराच्या खांद्यावर ठेवणाऱ्या आईला दिग्दर्शक दोष देत नाही, आम्हीही देणार नाही. पण त्या पोराच्या मनाचे काय झाले असेल, तिथे चित्रपटाने आणखी थोडे थांबावयास हवे होते. विनोदाच्या ओघात तो पुढे निघून जातो.

हा चित्रपट आपल्या कुटुंबांना दाखवावा असे आम्हांला का वाटले, तेही सांगतो. १९१७ च्या विधिसंहितेप्रमाणे आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेने तो नियम वगळला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आत्मघात हे गंभीर पाप असल्याचे सांगतानाच, तीव्र मानसिक क्लेशाने व भयाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असेही शिकविले. नियम बदलून चाळीस वर्षे उलटली, तरी अशा घरातून अजून खालच्या आवाजात विचारणा होते : फादर, घंटा वाजेल ना? किस्नाच्या घरात दीड-दोन तास बसून आलेल्या माणसाला तो खालचा आवाज कुठून येतो ते समजते.

याच विषयावरचा 'पीपली लाइव्ह' (२०१०) अधिक गाजला. त्यात वाहिन्यांची आणि पुढाऱ्यांची टिंगल झणझणीत आहे, पण शेतकऱ्याच्या पोटातली कालवाकालव आम्हांला 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये अधिक दिसली. वऱ्हाडीचा वापरही सन्मानाचा आहे. एरवी मराठी नाटक-सिनेमात ही बोली आली की प्रेक्षकाने हसायचे, असा संकेतच असतो. इथे त्याच बोलीत काळजी, राग आणि लाड आहेत.

तरीही एक उणीव राहते. किस्ना अडचणीत असला तरी त्याच्या नावावर सातबारा आहे. ज्यांच्या नावावर वावर नाही, जे दुसऱ्याच्या पऱ्हाटीत रोजाने राबतात, ते या पडद्यावर कडेकडेनेच वावरतात. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, त्यांत शेतकऱ्यांबरोबर शेतमजूरही होते. आमच्या सभागृहात त्या संध्याकाळी निंदणाला जाणाऱ्या बाया पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. दिवे लागल्यावर त्यांनी आम्हांला पहिला प्रश्न विचारला, तो हा, की पीक हाती आले नाही तर किस्नाने बायांची मजुरी कशी चुकती केली असेल. आम्ही सारा चित्रपट आठवून पाहिला. उत्तर देता आले नाही.