पडद्यावरची सिस्टर

कुवेतमधल्या कुठल्याही रुग्णालयात आपण मराठी माणसे गेलो की तोंडी पहिला शब्द येतो तो ‘सिस्टर’! ही सिस्टर बहुधा केरळची असते. रोज भेटणाऱ्या या बाईविषयी आपल्याला माहिती मात्र फारशी नसते. जी असते ती बरीचशी सिनेमाने दिलेली. म्हणून तीन चित्रपट या नजरेने पुन्हा पाहिले.

पहिला असित सेन यांचा ‘खामोशी’ (१९६९). वहिदा रेहमानची राधा मनोरुग्णालयात परिचारिका आहे. प्रेमभंगाने खचलेल्या रुग्णावर प्रेम करत असल्याचे नाटक करून त्याला बरे करायचे, हा तिथल्या डॉक्टरांचा प्रयोग. रुग्ण बरा होऊन निघून जातो, राधा गुंतून पडते. आणि दुसऱ्या रुग्णानंतर ती स्वतःच रुग्ण होते. वहिदाचा अभिनय अप्रतिमच! राधाला मोजावी लागलेली किंमतही चित्रपट लपवत नाही. तरीही तिचे शिक्षण आणि कौशल्य यांना कथेत जागा नाही. इथे औषध एकच, तिचे मन.

दुसरा हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१). रमेश देव, सीमा देव आणि मेट्रन डिसा झालेल्या ललिता पवार यांच्यामुळे तो आपल्याला घरचाच वाटतो. करारी मेट्रन आनंदपुढे विरघळते, तेव्हा डोळे पाणावतात. पण इथेही परिचारिका अखेर ‘आई’च ठरते. आनंदचे आजारपण आपल्याला पूर्ण कळते. रोज असे कितीतरी आनंद पाहणाऱ्या मेट्रनचे काय होते, ते कळत नाही.

तिसरा महेश नारायणन यांचा मल्याळम ‘टेक ऑफ’ (२०१७). जुलै २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितहून ४६ भारतीय परिचारिका सुखरूप मायदेशी परतल्या, त्या घटनेवर बेतलेला. पार्वतीची समीरा घटस्फोटित आहे, एका मुलाची आई आहे, घरच्या कर्जासाठी इराकला निघाली आहे. पूर्वार्धात ती प्रथमच एक नोकरदार बाई म्हणून दिसते: पगार, हप्ते, दुसरे लग्न, पोटातले मूल. परदेशी नोकरीचा हा हिशेब आपल्यापैकी कोणाला नवा आहे? उत्तरार्धात मात्र सूत्रे राजदूताच्या हाती जातात आणि परिचारिका सुटकेची वाट पाहत बसतात. थरार वाढतो, समीरा लहान होते. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ पूर्वार्धातच आहे.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मी इथे तीन रात्री रुग्णालयात होतो. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे. रात्री दोन वाजता वेदना किती, हे विचारणारी, नाडी पाहणारी, अरबीतली सूचना मोडक्या हिंदीत समजावणारी सिस्टरच होती. यात त्याग नव्हता की नाटक नव्हते. चार-चार वर्षे शिकून अंगी आलेले ते काम होते. काय पाहायचे, काय नोंदवायचे आणि डॉक्टरांना कधी उठवायचे, हे तिला नेमके ठाऊक होते.

ही रात्रपाळी मी अजून पडद्यावर पाहिलेली नाही. आजारपणाच्या कथा आपण रुग्णाच्या तोंडून ऐकतो, डॉक्टरांच्याही ऐकतो. तिसरी बाजू राहून जाते. एखाद्या लेखकाने ती लिहावी, दिग्दर्शकाने दाखवावी. तोवर एवढे तरी आपल्या हाती आहे: पुढच्या वेळी ‘सिस्टर’ म्हणण्याआधी तिच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचावे आणि त्या नावाने तिला हाक मारावी.