देणे, सोडणे आणि वाक्याचे सत्य

झाशीच्या जुन्या तटबंदीतील एक दरवाजा आणि त्याच्या भोवतालची वस्ती यांना ‘खंडेराव गेट’ म्हणतात. नाव मराठी वळणाचे, गेट हा शब्द इंग्रजी, आणि ते उच्चारणारी वाणी बहुधा हिंदी वा बुंदेली. ‘खंडेराव गेट झाशीत आहे’ हे वाक्य खरे ठरते ते खंडेराव दरवाजा झाशीत असेल तरच. हे विधान पोरकट वाटेल. परंतु पोलिश तर्कवेत्ता टार्स्की याने १९३३ साली मांडलेल्या सत्यविचाराचा साचा असाच आहे. टार्स्कीने भाषांतर गृहीत धरून सत्याची व्याख्या केली. डेव्हिडसनने १९६७ साली ती दिशा उलटवून सत्याच्या आधारे अर्थाचा उलगडा करू पाहिला. वाक्य कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल हे ज्याला कळले त्याला त्याचा अर्थ कळला, असा या मताचा स्थूल आशय.

या मताची खरी कसोटी याच शहरातील एका वाक्यावर लागते. ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे ते वाक्य. संस्थान खालसा झाल्यावर, १८५४ साली, राणी लक्ष्मीबाईंनी सल्ल्यासाठी बोलावलेल्या जॉन लँग या वकिलाने ते पडद्याआडून ऐकले व १८५९ च्या आपल्या ग्रंथात रोमन लिपीत नोंदले. लोककल्पनेने ते पुढे वेढ्यातील तटावर नेऊन ठेवले. वस्तुत: ते दत्तकाच्या हक्काविषयीच्या वादातील वाक्य आहे, तलवारीचे नव्हे.

ते खरे ठरले काय? एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले. नंतरची कत्तल व लूट विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाचावयास मिळते. तेव्हा वाक्य खोटे पडले असे घाईने वाटते. पण ‘देणे’ या क्रियेत देणाऱ्याची इच्छा अनुस्यूत असते. हिसकावून घेतलेली वस्तू दिली असे कोणी म्हणत नाही. झाशी घेतली गेली, दिली गेली नाही. याउलट कोणी ‘सोडणार नाही’ असे भाषांतर केले, तर राणी रात्री किल्ल्याबाहेर पडल्या त्याच क्षणी ते वाक्य असत्य होते. इंग्रजीतील ‘गिव्ह अप’ या दोन्ही अर्थांना पोटात घेते. त्यावरून मराठी करणाऱ्याची फसगत सहज संभवते. एका क्रियापदाच्या निवडीने वाक्याचे सत्य बदलते, ही गोष्ट शैलीचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही.

ही प्रतिज्ञा आहे, विधान नव्हे. तिला सत्यासत्य लावणेच गैर, असा आक्षेप ऑस्टिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांच्या आधारे घेता येईल. तो निम्माच योग्य आहे. प्रतिज्ञा पाळली की मोडली हे ठरवावयाचे तरी ‘दिली’ केव्हा म्हणायचे हे आधी ठाऊक असावे लागतेच.

मात्र सत्याच्या अटींनी सगळा अर्थ हाती येतो असे समजणे भाबडेपणाचे होईल. प्रमाण हिंदीत येथे ‘अपनी झाँसी’ अपेक्षित; ‘मेरी’ व्याकरणाला खटकते. मराठीत मात्र ‘मी माझी झाशी’ हाच स्वाभाविक प्रयोग. लँगच्या नोंदीत शब्दांची लिंगेही नीट जुळत नाहीत, त्यामुळे त्याच्या कानावर फार भिस्त ठेवणे बरे नव्हे; तरीही त्या ‘मेरी’मागे मराठी बोलणाऱ्या घरातील हिंदी ऐकू येण्याचा संभव आहे. ‘मेरी’ म्हणा वा ‘अपनी’, सत्याच्या अटीत तिळमात्र फरक पडत नाही. बोलणारी कोण, हे मात्र त्या एका सर्वनामात आहे. वाक्य मराठीत आणताच तो खटका नाहीसा होतो, आणि ‘दूँगी’तील स्त्रीत्वही त्याबरोबर जाते, ‘देणार नाही’ या रूपात लिंग उरत नाही.